मेदेयीन : खुनांचे प्रमाण व हिंसाचाराचे स्वरूप

मेदेयीन ही कोलंबियातील आंतिओकिया प्रांताची राजधानी. १९९१ मध्ये या शहरात ६,००० हून अधिक खून झाले, म्हणजे दिवसाला १६ हून जास्त. लाख लोकसंख्येमागे हा दर ३८० च्या आसपास होता.

कोकेनच्या व्यापारातून शहरात अमाप पैसा आणि हत्यारे आली. शहर ज्यात वसले आहे त्या आबुर्रा खोऱ्याच्या चढणीवरील गरीब वस्त्यांतली बेकार पोरे ‘सिकारियो’, म्हणजे सुपारी घेणारे मारेकरी, बनली. कोकेन तस्करांचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याने तर पोलिसांच्या जिवावर बक्षीस लावले होते. मारणारे आणि मरणारे बहुतेक एकाच वयाचे, एकाच वस्तीतले तरुण होते. २ डिसेंबर १९९३ रोजी एस्कोबार मारला गेला, पण हत्याकांड थांबले नाही. गनिमी संघटनांची पथके, निमलष्करी गट आणि स्थानिक टोळ्या गल्लीगल्लीसाठी लढत राहिल्या. दोन टोळ्यांमधली अदृश्य हद्द ओलांडली एवढ्यावरून मुले मारली जात.

ऑक्टोबर २००२ मध्ये लष्कर व पोलिसांनी शहरातील कोमुना १३ या विभागात ‘ओरियन’ ही मोहीम चालवली. त्यानंतर खून झपाट्याने घटले. मात्र त्याचे सारे श्रेय सरकारला देता येत नाही. ‘डॉन बेर्ना’ या निमलष्करी म्होरक्याने टोळ्या एका मुठीत आणल्या होत्या आणि गोळीबारावर त्याचाच लगाम होता. मे २००८ मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केले गेले, वारसदारांची झुंज जुंपली आणि २००९ मध्ये खुनांची संख्या २,००० च्या पुढे गेली. शांतता टोळीच्या मर्जीवर उभी असली, की आकडे असे उलटतात.

नागरी सुधारणांचा वाटाही खरा आहे. २००४ मध्ये डोंगरवस्त्यांना मेट्रोशी जोडणारी केबल कार सुरू झाली. तिच्या परिसरात २००३ ते २००८ दरम्यान खुनांत झालेली घट तशाच इतर वस्त्यांपेक्षा लक्षणीयरीत्या मोठी होती, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. २०२३ मध्ये शहरातील खून ४०० च्या आत होते.

खुनांच्या या आकड्यांत बेपत्ता माणसे येत नाहीत. कोमुना १३ लगतच्या ‘ला एस्कोम्ब्रेरा’ या राडारोड्याच्या डेपोत आपली माणसे पुरली आहेत, असे तिथल्या स्त्रिया वर्षानुवर्षे सांगत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे पहिले मानवी अवशेष सापडले. खंडणीही खुनांच्या तक्त्यात दिसत नाही. दुकानदार व बसचालक आजही टोळ्यांना हप्ता देतात, आणि भीतीपोटी फार थोडे जण तक्रार करतात.