तीन पौंडांचा परवाना

गिरमिट म्हटलें कीं महाराष्ट्रांतील माणसाला सुताराचें भोंक पाडण्याचें हत्यार आठवतें. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासांत जें गिरमिट येतें त्याचा ह्या हत्याराशीं कांहीं संबंध नाहीं. ‘ॲग्रीमेंट’ हा इंग्रजी शब्द हिंदी मजुरांच्या तोंडीं बसेना, म्हणून त्यांनीं त्याचें गिरमिट केलें. आणि त्या करारानें बांधलेला मनुष्य गिरमिट्या झाला. हें गिरमिट पांच वर्षांचें असे. त्या पांच वर्षांतील हालअपेष्टांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु पांच वर्षें संपलीं, करार पुरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्या मनुष्याचें काय होत असे, ह्या प्रश्नाकडे मात्र तितकेंसें लक्ष गेलेलें नाहीं. नाताल वसाहतींतील तीन पौंडांच्या वार्षिक परवान्याची हकीकत ही ह्याच प्रश्नाची हकीकत होय.

नातालमधील गोऱ्या मळेवाल्यांनीं समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यांत उसाची लागवड केली, तेव्हां त्यांना मजूर मिळेनात. झुलू लोकांजवळ स्वतःची गुरें आणि शेतें होतीं. परक्याच्या मळ्यावर वर्षानुवर्षें राबण्याची त्यांना गरज नव्हती. तेव्हां मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे नजर वळविली. १६ नोव्हेंबर १८६० रोजीं मद्रासहून निघालेलें ‘ट्रुरो’ नांवाचें जहाज डरबन बंदरास लागलें. तेथपासून १९११ सालापर्यंत १,५२,१८४ हिंदी माणसें ह्या करारानें नातालमध्यें नेण्यांत आलीं. तीं मद्रास आणि कलकत्ता ह्या दोन बंदरांतून जात. त्यामुळें त्यांत तामिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारांचा भरणा अधिक होता. मुंबई बंदरांतून गेलेल्या कोंकणी मजुरांची वाट निराळी. ती मॉरिशस बेटाकडे गेली होती.

आरंभींच्या काळांत मजुराला दाखविलेली आशा अगदींच फसवी नव्हती. पांच वर्षें मळ्यावर काम करावें, पुढें पांच वर्षें मोकळेपणानें वसाहतींत राहावें, आणि दहा वर्षांनंतर परतीचें जहाजभाडें फुकट घ्यावें, अशी योजना होती. कांहीं काळ तर त्या भाड्याऐवजीं जमीन देण्याचीहि कायद्यांत तरतूद होती. पुष्कळांनीं तेथेंच राहणें पसंत केलें. त्यांनीं मक्याचीं आणि भाजीपाल्याचीं शेतें केलीं, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकली, किनाऱ्यावर मासेमारी केली, रेल्वेंत आणि कोळशाच्या खाणींत काम धरलें. ज्या शहरांत भाजी महाग होती तेथें ती स्वस्त झाली. परंतु जो मनुष्य मजूर म्हणून हवासा वाटत होता, तोच शेजारी आणि दुकानदार म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांस नकोसा झाला. त्यांना हिंदी माणसाचे हात पाहिजे होते. त्याचें बिऱ्हाड नको होतें.

१८९३ सालीं नातालला अंतर्गत स्वराज्य मिळालें आणि ह्या इच्छेला कायद्याचें रूप देण्याची संधि आली. वसाहत सरकारचे प्रतिनिधि हिंदुस्थानांत आले. करार संपतांच मजुरानें परत गेलें पाहिजे, नाहीं तर पुन्हां करारांत शिरलें पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. आणि मोकळा राहूं पाहणारावर दर वर्षीं पंचवीस पौंडांचा कर बसविण्याचा त्यांचा विचार होता. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन ह्यांनीं पंचवीस पौंड नाकारले, पण तत्त्व नाकारलें नाहीं. कराची रक्कम तीन पौंडांवर आली आणि १८९५ सालचा सतरावा कायदा जन्मास आला. त्या सालीं तीन पौंड हा आंकडा सिमल्याच्या कचेरींत लहान वाटला असेल. मळ्यावर तो किती मोठा होता, हें पाहण्यासारखें आहे.

कायद्यानें मजुरापुढें तीन दारें ठेविलीं. पांच वर्षें संपल्यावर त्यानें हिंदुस्थानास परत जावें. किंवा पुन्हां गिरमिट लिहून द्यावें. किंवा वसाहतींत राहण्याचा परवाना घ्यावा आणि तो दर वर्षीं तीन पौंड भरून नवा करावा. करारांतील मजुराला पहिल्या वर्षीं दरमहा दहा शिलिंग मिळत आणि पुढें दर वर्षीं एकेक शिलिंग वाढून पांचव्या वर्षीं चौदा होत. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. म्हणजे पहिल्या वर्षाचा सहा महिन्यांचा आणि पांचव्या वर्षाचा सुद्धां चार महिन्यांहून अधिक पगार. पांचहि वर्षांचा पगार एक दिवस खाडा न होतां, एक पै कापली न जातां हातीं पडला, तर त्याची बेरीज छत्तीस पौंड होई. १९०३ सालीं हा कर सोळा वर्षांवरील मुलांवर आणि तेरा वर्षांवरील मुलींवरहि लादण्यांत आला. नवरा, बायको आणि अशीं दोन मुलें असलेल्या घराला दर वर्षीं बारा पौंड भरावे लागत. पांच वर्षांच्या सगळ्या घामाची एक तृतीयांश किंमत एका वर्षाच्या परवान्यांत जात असे, आणि वर्ष संपलें कीं परवानाहि संपत असे.

इतर कर आणि हा कर ह्यांतला भेद येथें लक्षांत घेतला पाहिजे. जमिनीवर कर असतो, मालावर जकात असते. हा कर केवळ तेथें असण्यावर होता. त्याचा हेतु तिजोरी भरण्याचा नव्हता. तो कोणी भरूं शकूं नये, हाच त्याचा हेतु होता. भरणारा सांपडला तर पैसा मिळे, न भरणारा सांपडला तर मजूर मिळे. कसेंहि झालें तरी नुकसान वसाहतीचें नव्हे. १९०५ सालीं आणखी एक पेंच घातला गेला. चालू वर्षाचा परवाना दाखविल्यावांचून अशा मनुष्यास कोणीं कामावर ठेवूं नये. ठेविल्यास मालकानें कर भरून तो पगारांतून कापून घ्यावा, असें ठरलें. म्हणजे परवान्यासाठीं काम हवें आणि कामासाठीं परवाना हवा, असा फेरा झाला. मूळ कायद्यांत कर न भरल्याबद्दल फौजदारी शिक्षा नव्हती. बाकी दिवाणी मार्गानें वसूल करावयाची होती. परंतु मॅजिस्ट्रेट पैसे भरण्याचा हुकूम देत, आणि ज्याच्याजवळ पैसेच नाहींत तो हुकूम मोडी. मग हुकूम मोडल्याबद्दल तुरुंग ठरलेलाच. पुष्कळांनीं ह्यापेक्षां दुसरें गिरमिट पत्करलें. कागदावर तें राजीखुशीचें होतें. अंगठा उठविणाराचा हात कोणीं धरलेला नव्हता, हेंहि खरें. पण ज्याच्यापुढें एका बाजूस तुरुंग आणि दुसऱ्या बाजूस तुटलेल्या गांवाकडे रित्या हातानें परत जाणें होतें, त्याच्या राजीखुशीला कोणता अर्थ उरतो?

ह्या करास विरोध पहिल्यापासून होता. १८९४ सालीं गांधीजींच्या पुढाकारानें नाताल इंडियन काँग्रेस स्थापन झाली आणि तिनें ह्या योजनेविरुद्ध चळवळ केली; तरी कायदा झालाच. पुढें अनेक वर्षें दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लढ्याचा रोख ट्रान्सवालमधील नोंदणीच्या कायद्याकडे आणि प्रवेशबंदीकडे राहिला. ज्याच्या पाठीवर तीन पौंडांचें ओझें होतें तो मजूर लढ्याच्या कडेला उभा होता. त्याला मध्यभागीं आणण्याच्या कामीं ज्या एका गृहस्थाचा हात लागला, ते रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन केलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत.

गोखल्यांनीं २५ फेब्रुवारी १९१० रोजीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत, नातालला करारबद्ध मजूर पाठविणें बंद करण्याचा अधिकार सरकारनें घ्यावा, असा ठराव मांडला. तो मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून नातालची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं गिरमिटाची सगळी पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. ज्या करारांतील एका पक्षाला कायदा ठाऊक नाहीं, देश ठाऊक नाहीं, आणि करार मोडल्यास तुरुंगांत जावें लागतें हेंहि सांगितलें जात नाहीं, तो करारच नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ठरावाच्या बाजूनें २२ आणि विरुद्ध ३३ मतें पडलीं. ठराव पडला, पण सरकारी मतांनीं तो पडला, हें देशानें पाहिलें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत प्रकृति खालावलेली असतांहि गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. डरबनमध्यें त्यांनीं कर भरणाऱ्या मजुरांचीं गाऱ्हाणीं प्रत्यक्ष ऐकलीं. नोव्हेंबरांत प्रिटोरिया येथें जनरल बोथा आणि जनरल स्मट्स ह्यांच्याशीं त्यांची भेट झाली. तीन पौंडांचा कर जाणार, असा भरंवसा घेऊन ते बाहेर आले. गांधीजींना तितका विश्वास वाटला नाहीं, आणि त्यांचीच शंका खरी ठरली. १९१३ सालीं सरकारनें असें वचन दिल्याचें नाकारलें. कर फार तर बायकांपुरता सोडण्याची तयारी दाखविली.

ह्या नकारानें एक गोष्ट घडली. आतांपर्यंत कराचा प्रश्न सत्याग्रहाच्या मागण्यांत नव्हता. देशाच्या प्रतिनिधीला दिलेला शब्द मोडल्यामुळें तो त्यांत आला. ऑक्टोबर १९१३ मध्यें न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांनीं काम सोडलें. त्यांना संपावर आणण्यांत ट्रान्सवालहून आलेल्या सत्याग्रही स्त्रियांचा मोठा वांटा होता. ६ नोव्हेंबर रोजीं गांधीजींच्या मागून २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुलें चार्ल्सटाउनहून सरहद्द ओलांडून ट्रान्सवालांत शिरलीं. गांधीजींना चार दिवसांत तीन वेळां पकडण्यांत आलें, मोर्चेवाल्यांना आगगाड्यांत भरून परत नेलें. मग किनाऱ्यावरील उसाचे मळेहि थांबले. गोळीबार झाला आणि कांहीं मजूर प्राणास मुकले. इकडे गोखले आजारीपणांतहि लढ्यासाठीं निधि जमवीत होते. मद्रास येथें व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज ह्यांनीं आपली सहानुभूति सत्याग्रहींच्या बाजूची असल्याचें उघड बोलून दाखविलें. चौकशी समिति नेमली गेली; तिनेंहि कर रद्द करण्याची शिफारस केली. १९१४ सालच्या इंडियन रिलीफ ॲक्टनें तीन पौंडांचा परवाना गेला आणि मागील बाकीहि माफ झाली. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं वारले. त्याआधीं एवढें त्यांच्या दृष्टीस पडलें. हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर पाठविण्याची पद्धत १९१७ सालीं थांबली.

परंतु विजयाचें माप नीट घेतलें पाहिजे. ज्या कायद्यानें कर गेला त्याच कायद्यानें, दक्षिण आफ्रिकेंत राहण्याचा हक्क कायमचा सोडणारास फुकट जहाजभाडें देऊं केलें. दाराला लावलेला दंड गेला, दाराकडे बोट दाखविणें गेलें नाहीं. हिंदी मनुष्य त्या भूमीवर पाहुणा नसून रहिवासी आहे, हें मान्य होण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं.

गिरमिटाचे दिवस गेले. आज महाराष्ट्रांतून परदेशीं कामाला जाणारा मनुष्य जहाजांतून डांबून नेला जात नाहीं, आणि त्याचा पगारहि शिलिंगांत मोजला जात नाहीं. तरी अनेक देशांत त्याचा राहण्याचा परवाना ठराविक मुदतीचा असतो, मालकाच्या नोकरीशीं बांधलेला असतो, आणि मुदत संपत आली कीं तो नवा होईल कीं नाहीं ह्या चिंतेनें त्याचें घर व्यापून जातें. ही चिंता आणि नातालमधील जुलूम एकाच मापाचे नव्हेत. दोहोंना एकच नांव देणें इतिहासाला धरून होणार नाहीं. परंतु नातालच्या मजुरानें एक कसोटी मागें ठेविली आहे. एखाद्या देशानें परक्या कामकऱ्याला किती पगार दिला, एवढेंच पाहून भागत नाहीं. मुदत संपण्याच्या दिवशीं त्या मनुष्याला ‘नाहीं’ म्हणण्याची कितपत मोकळीक होती, आणि त्या ‘नाहीं’ची किंमत त्याच्या पगाराच्या किती महिन्यांइतकी होती, हें मोजावें लागतें. तीन पौंडांचा आंकडा आज क्षुल्लक वाटतो. त्यामागचा हिशेब मात्र अजून जुना झालेला नाहीं.