मणक्याचा क्षय आणि मागे राहणारे चित्र

पुण्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाची पाठ दुखू लागली, तर ओझ्याने दुखते असेच आपण म्हणतो. बहुधा ते खरे असते. पण दुखणे आठवडेच्या आठवडे हटेना, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरू लागले, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. औषधे आहेत, पण खोलवरच्या मणक्यातला रोग हटला हे ओळखायचे कसे?

पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये या रोगाचे वर्णन केले, तेव्हा कुबड आणि लुळे पडलेले पाय एवढेच दिसत होते. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि हाड दिसू लागले. मात्र मणक्यातील सुमारे तिसरा हिस्सा खनिज नष्ट होईपर्यंत या चित्रात विशेष काही उमटत नाही. तरीही त्याचा उपयोग मोठा. राजशेखरन आणि षण्मुगसुंदरम यांनी १९८७ मध्ये, मणक्याचा किती भाग झिजला आहे यावरून पुढे कुबडाचा कोन किती होईल याचे सूत्र मांडले.

लॉटरबरच्या १९७३ च्या प्रयोगातून पुढे एमआरआय आले. ते पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश घेते. म्हणून सूज, पू आणि मज्जारज्जूवरील दाब लवकर दिसतात. पण उपचार सुरू झाल्यावर निराळीच अडचण येते. जंतू मरतात, रुग्णाला बरे वाटते, तरी पहिले काही महिने चित्र तसेच, कधी अधिक वाईटही दिसते. पू जिरायला आणि अस्थिमज्जेत पुन्हा चरबी भरायला वेळ लागतो. नुसत्या चित्रावर विसंबले, तर चालू असलेली औषधे निष्फळ ठरवली जातील. नुसत्या दुखण्यावर विसंबले, तर हमाल गोळ्या अर्ध्यावर सोडून पोते उचलील. भारतातील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मणक्याच्या क्षयासाठी १२ महिन्यांचे उपचार सांगितले आहेत.

भारतातील पहिले पीईटी यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज दाह असलेल्या जागी अधिक शोषले जाते, ते हे यंत्र टिपते. पण कर्करोगाची गाठही तशीच उजळते.

वर्गात आपण विचारावे: हे चित्र नेमके कशाचे? क्ष-किरणांत खनिजाचे, एमआरआयत पाण्याचे व चरबीचे, पीईटीत साखरेच्या वापराचे. जंतूंचे एकही नाही. म्हणून चित्राशेजारी ताप, वजन, पायांतील शक्ती आणि पुवाची तपासणी ठेवावी लागते.