नाव आणि नोंद

सुरतेहून बारडोलीस जाताना कडोदरा लागते. हे नाव रोमन लिपीत लिहिले की त्यातील ‘ड’ आणि ‘द’ या दोहोंस एकच अक्षर वाट्यास येते. याच जिल्ह्यातील ‘सरस’ हे गाव त्या लिपीत सहज ‘सारस’ होऊन बसते. गावांची ही गत, तर माणसांची निराळी कशी असणार? या सरस गावी २५ मार्च १९२० रोजी उषा मेहता यांचा जन्म झाला. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईहून गुप्त काँग्रेस रेडिओ चालविणाऱ्या उषाबेन त्या ह्याच.

‘उषा’ हे नाव संस्कृत. ते आपणांस परके नाही. आडनाव मात्र गुजरातीत ‘महेता’ असे लिहितात आणि बोलताना त्यातील ‘ह’ सुटा न राहता त्याचा श्वास ‘ए’कारात मिसळून जातो. ‘बहेन’ लिहून ‘बेन’ म्हणतात, त्याच जातीचा हा उच्चार. मराठीत आपण ‘मेहता’ लिहितो, ती आपली रूढी आहे व तीत दोष नाही; फक्त ‘ह’वर आघात देऊन नावाचे दोन तुकडे करू नयेत.

त्या रेडिओवरून लहरींची लांबी ४२.३४ मीटर सांगितली जाई. ठिकाण मात्र ‘हिंदुस्थानात कोठेतरी’ एवढेच. निवेदिकेचे नाव गुप्त ठेवणे प्राप्तच होते. सरकारने दडपलेली आष्टी-चिमूरची हकीकत या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचविली. पोलिसांचा माग चुकविण्यासाठी यंत्र सारखे जागा बदलत असे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावात पारेखवाडीत पोलिसांनी ते पकडले. खटल्यात उत्तरे देणे बंधनकारक आहे काय, असे उषाबेननी न्यायाधीशांस विचारले. तसे बंधन नाही असे कळताच त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याहून सुटका १९४६ साली. पुढे त्यांनी गांधी-विचारावर प्रबंध लिहिला, विल्सन महाविद्यालयात व मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले, मणिभवनाचे काम पाहिले. १९९८ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या निवर्तल्या.

त्यांचे नाव टिकले. सहकाऱ्यांचे भाग्य तसे नाही. बाबूभाई कोठे ‘खाकर’ आहेत, तर कोठे ‘ठक्कर’. शिकागो रेडिओचे मालक कोठे ‘नानिक मोटवाने’, कोठे ‘ननका मोटवानी’. एकाच इसमाची दोन माणसे व्हावयास एवढे पुरते, आणि मग एकाचे कर्तृत्व दोघांत वाटले जाऊन कोणाच्याच पदरी पडत नाही.

आम्ही वकील मंडळी दस्तऐवजात ‘उर्फ’ लिहितो, ते उगीच नव्हे. दोन नावांचा धनी एकच आहे, हे त्या दोन अक्षरांनी ठरते व त्याचा हक्क शाबूत राहतो. इतिहासानेही हीच रीत पाळावी असे आम्हांस वाटते. माणसाचे नाव प्रथम त्याच्या मातृभाषेच्या लिपीत लिहावे, मग वडिलांचे नाव द्यावे, जसे उषा हरिप्रसाद मेहता. आणि प्रचारात असलेली इतर रूपे शेजारी नोंदवावी. मराठी व गुजराती या दोन्ही समाजांत पित्याचे नाव मध्ये घालण्याची चाल असल्याने हे काम आपणांस सोपे आहे. ज्यांनी देशासाठी स्वतःचे नाव लपविले, त्यांचे नाव पुढच्यांनी तरी नीट लिहावे आणि नीट उच्चारावे, एवढे ऋण आपल्यावर आहे.