विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आणि स्मृतिभ्रंश

विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती हा महाविद्यालयीन विद्यार्थी व शिक्षक यांना प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव देणारा भारतातील कार्यक्रम आहे. भारतीय विज्ञान अकादमी (बंगळूर), भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी (नवी दिल्ली) आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमी (प्रयागराज) या संस्था तो संयुक्तपणे राबवतात. मेंदूविज्ञान, आणि त्यात स्मृतिभ्रंशाचा अभ्यास, कार्यक्रमाच्या जीवशास्त्र शाखेत मोडतो.

स्वरूप

निवड झालेली व्यक्ती उन्हाळ्यात सुमारे दोन महिने मार्गदर्शक शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि शेवटी अहवाल सादर करते. या काळात विद्यावेतन मिळते. विद्यार्थ्यांच्या अर्जासोबत शिक्षकाचे शिफारसपत्र लागते.

स्मृतिभ्रंशाचे संशोधन

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून अनेक आजारांतून उद्भवणारा लक्षणसमूह आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. या आजारात मेंदूत अमायलॉइड व टाऊ ही प्रथिने साचतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टाऊ प्रथिनावर संशोधन झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर येथील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार, भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. निदानात शिक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लेखन-वाचनावर आधारित चाचण्यांत निरक्षर व्यक्तीला निरोगी असूनही कमी गुण मिळू शकतात. म्हणून हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण लोकांसाठी अशा चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले.

छत्रपती संभाजीनगर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९५८) आणि शहरातील महाविद्यालयांमधील विद्यार्थी व शिक्षक या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकतात. मेंदूविज्ञानाच्या मोठ्या प्रयोगशाळा प्रामुख्याने महानगरांत एकवटल्याने मराठवाड्यासारख्या भागासाठी असा कार्यक्रम महत्त्वाचा ठरतो.

महत्त्व

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीतून विस्मरण हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग असल्याची समजूत दिसते. या समजुतीमुळे रुग्णाला वैद्यकीय मदत उशिरा मिळते. थायरॉइडचे विकार किंवा ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे होणारे विस्मरण उपचारांनी सुधारू शकते, त्यामुळे वेळेवर तपासणी आवश्यक असते. प्रयोगशाळेत काम केलेला शिक्षक हे ज्ञान दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपर्यंत, आणि त्यांच्यामार्फत घरातील ज्येष्ठांपर्यंत पोहोचवू शकतो.