शॉक थिएटर
शॉक थिएटर : अमेरिकी दूरचित्रवाणीवरील जुन्या भयपटांचा संच व त्यावर बेतलेल्या स्थानिक कार्यक्रमांचे रूढ नाव. कोलंबिया पिक्चर्सच्या स्क्रीन जेम्स या उपकंपनीने युनिव्हर्सलचे ५२ चित्रपट ऑक्टोबर १९५७ मध्ये, हॅलोवीनच्या (पहा : हॅलोवीन) तोंडावर वितरित केले. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन (दोन्ही १९३१), द ममी (१९३२) व द वुल्फ मॅन (१९४१) हे त्यांतील प्रमुख होत. काही मात्र निव्वळ रहस्यपट वा हेरपट होते. निवेदक हे या कार्यक्रमांचे खास वैशिष्ट्य (पहा : व्हँपायरा). फिलाडेल्फियातील जॉन झॅकर्ली ‘रोलँड’ बनून लांब काळ्या कोटात येत, शवपेटीतील ‘पत्नी’शी बोलत आणि चालू चित्रपटात मध्येच स्वतःची दृश्ये घुसडत. या प्रक्षेपणांमुळे तिशी-चाळिशीच्या दशकांतील भयपट (पहा : भयपट) नव्या पिढीपर्यंत पोहोचले. १९५८ मध्ये ‘सन ऑफ शॉक’ हा पुरवणी संच निघाला.