मोटारीची बॅटरी आणि घरांतलें गाणें

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी गांव लागतें. वज्रेश्वरीची वाट येथूनच फुटते. या गांवीं, एका ओळखीच्या घरीं, परवां मीं एक प्रयोग पाहिला. घरची जुनी मोटार मोडीत निघाली होती. तिच्यांतील अँप्लिफायर मुलानें काढून ठेवला होता आणि तो बैठकीच्या खोलींतील स्टिरिओला जोडण्याचा त्याचा बेत होता. वडिलांनीं मला विचारलें, "अहो, जें मोटारीसाठीं घडलें, तें घरांत नांदेल काय?" या प्रश्नाचें उत्तर इतिहासांतच सांपडतें, म्हणून आज त्या यंत्राच्या मागल्या पिढ्यांची हकीकत सांगतों.

ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानें १९०६ सालीं निर्वात नळींत तिसरा विद्युदग्र बसविला. क्षीण विद्युत्संकेत मोठा करण्याचें सामर्थ्य पुढें या नळीच्या अंगीं आलें. १९२५ सालीं राइस व केलॉग यांनीं हलत्या वेटोळ्याचा कर्णा सिद्ध केला, आणि सारें घर एकत्र बसून ऐकूं लागलें. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तें याच काळांत. जेथें विजेची तार पोंचली नव्हती, तेथें रेडिओ बॅटरीवर चाले. म्हणजे बॅटरी आणि घरांतलें गाणें यांचें नातें कांहीं नवें नव्हे.

मोटारींत मात्र अडचण उलटी होती. १९३० सालीं गॅल्विन यांच्या कारखान्यानें 'मोटोरोला' हा मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला. त्या काळीं मोटारींत सामान्यतः ६ व्होल्टची बॅटरी असे. नळ्यांना तर शेंदीडशें व्होल्टांहून अधिक दाब लागे. तेव्हां व्हायब्रेटर नांवाची एक थरथरणारी पट्टी सेकंदाला शंभराच्या आसपास वेळां तो एकदिश प्रवाह तोडी. तुटक झालेला प्रवाह ट्रान्स्फॉर्मरमधून वाढवून पुन्हां सरळ करीत. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि कालांतरानें ही खटपट अनावश्यक ठरली. बॅटरीचा दाबच पुरेसा झाला.

परंतु गणित कोणास चुकलें आहे? १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ४ ओहमच्या कर्ण्यास, दोन्ही बाजूंनीं जोर लावला तरी, स्वच्छ असा सुमारें १८ वॅटच नाद मिळतो. त्याहून अधिक हवा असेल तर दाब वाढवावा लागतो. म्हणून आजच्या मोठ्या अँप्लिफायरच्या पोटांत तोच जुना प्रवाह तोडण्याचा उद्योग चालतो. फरक इतकाच कीं, पट्टीच्या जागीं ट्रान्झिस्टर आले आणि तोडणें सेकंदाला हजारों वेळां होऊं लागलें.

यावरून वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर निघतें. घरचा नाद व मोटारीचा नाद एकाच जातीचे. भेद आहे तो अन्नाचा. घरीं २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह, तर या यंत्रास १२ व्होल्टचा सरळ प्रवाह हवा, आणि तोही भरपूर. शंभर वॅट नाद हवा असेल तर, उष्णतेंत वायां जाणारी शक्ति धरून, सुमारें १४ अँपिअर लागतात. मुलानें प्रथम दोन अँपिअरचा लहानसा अडॅप्टर लावला. ढोलकीची पहिली थाप पडली आणि यंत्र मुकें झालें! मग त्यानें मोटारीची बॅटरीच खोलींत आणून चार्जरवर ठेवण्याचें मनांत घेतलें. तेव्हां मात्र मीं त्याला अडविलें. भारित होतांना अशा बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. बंद खोलींत एक ठिणगी पुरे.

शेवटीं पुरेशा क्षमतेचा १२ व्होल्टचा वीजपुरवठा आणला, त्याच्या तोंडाशींच फ्यूज बसविला आणि तारा जाड घेतल्या. स्टिरिओच्या कर्ण्यांकडे जाणाऱ्या तारा न जोडतां त्याच्या प्रीआउट या क्षीण संकेताच्या छिद्रांतून तार घेतली. एक बारीक गोष्ट उरली होती: मोटारींत रेडिओ सुरू झाला म्हणजे तो एका निराळ्या तारेनें अँप्लिफायरला जागें करतो. घरीं तो निरोप कोण देणार? तेथें १२ व्होल्टची तार एका बटणामार्फत दिली आणि गाणें सुरू झालें.

मुलानें लगेच आवाज चढविला, तसें वडिलांनीं खिडकीकडे बोट दाखविलें. मिरवणुकींत टेंपोवर कर्णे रचून गांव हादरविणारें सामर्थ्य असल्याच यंत्रांतून येतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. पण वडिलांच्या बोटापुढें नियम सांगण्याची गरज पडली नाहीं. शेजारीं एक म्हातारी आजारी होती. मुलानें खिडकी लावली, आवाज उतरविला, आणि मग आम्ही तिघेहि बराच वेळ ऐकत बसलों.