एका खुर्चीचा डोंगर

अमेरिकेतल्या स्कीइंगचा इतिहास बहुधा मोठ्या रिसॉर्टांच्या अंगाने सांगितला जातो. पण डोंगर चढण्याचे कष्ट वाचवणारे यंत्र तिथे प्रथम आले ते एका शेतकऱ्याच्या कुरणात. जानेवारी १९३४ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या वूडस्टॉक गावी क्लिंटन गिल्बर्ट यांच्या टेकडीवर फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीचे इंजिन बसवले गेले आणि त्यावर एक लांबलचक दोर फिरू लागला. हा दोर हाताने घट्ट धरायचा, वर ओढले जायचे आणि बर्फावरून घसरत खाली यायचे. साधन स्वस्त होते, त्यामुळे पुढच्या तीन दशकांत ईशान्येकडच्या राज्यांत गावोगावी असे दोर लागले. शाळेच्या मागची टेकडी, कुणाचे तरी कुरण, एखाद्या क्लबने भाड्याने घेतलेला उतार, काहीही चाले.

त्यांपैकी पाचशेहून अधिक जागा आज बंद आहेत. अपुऱ्या बर्फाचे हिवाळे, कृत्रिम बर्फाच्या यंत्रणेचा खर्च, १९७० च्या दशकानंतर भडकलेले विम्याचे हप्ते आणि शेजारच्या मोठ्या रिसॉर्टांची स्पर्धा ही त्यामागची कारणे. सहकाराच्या इतिहासात मला जुनी गोडी आहे. म्हणून या यादीत जे नाव असायला हवे होते आणि नाही, त्याकडे माझे लक्ष गेले. ते नाव म्हणजे व्हरमाँटमधल्याच फेस्टन गावच्या हद्दीतले ‘मॅड रिव्हर ग्लेन’. बंद पडण्याची बहुतेक सगळी कारणे इथे हजर होती. तरीही हा डोंगर चालू राहिला. तो का राहिला, हे समजून घेण्यासाठी आधी त्याच्या संस्थापकाकडे जावे लागते.

रोलंड पामेडो हे न्यूयॉर्कमधले गुंतवणूक-व्यावसायिक. १९४० साली व्हरमाँटच्याच स्टो इथे माउंट मॅन्सफील्डवर चेअरलिफ्ट उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. चेअरलिफ्टची कल्पना तेव्हा नवीच होती. १९३६ मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीत युनियन पॅसिफिक रेल्वेने पहिली चेअरलिफ्ट उभारली. तिचा अभियंता जेम्स करन याला ती सुचली होती बोटीवर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. पण स्टोला हॉटेले आणि मोठे भांडवल येऊ लागले, तसे पामेडोंचे मन तिथून उठले. स्कीची जागा म्हणजे करमणुकीचा बाजार नव्हे, तिथे येणारे आणि तिथे काम करणारे यांचा तो हिवाळी गाव असावा, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी दुसरा डोंगर शोधला आणि डिसेंबर १९४८ मध्ये मॅड रिव्हर ग्लेन सुरू झाले.

तिथली मुख्य लिफ्ट एकेरी होती, म्हणजे एका खुर्चीत एकच माणूस. ती सुमारे दोन हजार फूट उंची चढते. वर जाताना शेजारी बोलायला कुणी नसते. वारा, थंडी आणि खालचे जंगल एवढीच सोबत. उतार अरुंद, झाडांमधून वळत जाणारे, आणि यंत्राने फारसे सपाट न केलेले. जमेल त्याने इथे स्की करून दाखवावी, अशा आव्हानाचे स्टिकर गाड्यांवर मिरवत या जागेची ख्याती पसरली.

१९७२ मध्ये पामेडोंनी ही जागा ट्रक्स्टन प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विकली. प्रॅट थोड्याच वर्षांत वारले आणि कारभार त्यांच्या पत्नी बेट्सी यांच्याकडे आला. बाई करारी होत्या. आजूबाजूला रिसॉर्टे वाढत असताना त्यांनी डोंगर जवळपास होता तसा ठेवला. विकायची वेळ आली तेव्हा प्रश्न होता वारसाचा. कुणा कंपनीला विकले तर पहिली जाणार ती एकेरी खुर्ची, हे सगळ्यांनाच दिसत होते. अखेर १९९५ मध्ये तिथे नियमित येणाऱ्या स्कीअरांनीच सहकारी संस्था स्थापन करून तो विकत घेतला. किंमत २५ लाख डॉलर. त्यासाठी १,६६७ भाग काढले गेले, प्रत्येकी १,५०० डॉलरचे.

मराठी वाचकाला यापुढचे काही समजावून सांगावे लागू नये. सभासदाने कितीही भाग घेतले तरी मत एकच. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये घालून दिलेले हे तत्त्व. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, तोही याच तत्त्वावर. तिथे सभासदाने आपला ऊस कारखान्याला घालायचा, तर इथे सभासदाने दरवर्षी ठरावीक रकमेची खरेदी डोंगरावर करायची. भाग घेऊन घरी बसलेला मालक दोन्हीकडे चालत नाही.

या रचनेची कसोटी लागली ती खुर्चीच्याच प्रश्नावर. जुनी यंत्रणा थकली होती. नवी दुहेरी लिफ्ट बसवणे स्वस्त पडणार होते, आणि तासाला माणसेही जास्त वर गेली असती. कुठल्याही कंपनीने तेच केले असते. सभासदांनी मतदान करून मोठ्या बहुमताने एकेरीच ठेवली. देणग्या गोळा झाल्या, सुमारे १७ लाख डॉलर खर्च आला. मनोरे हेलिकॉप्टरने उतरवून, घासून-रंगवून परत उभे केले गेले आणि २००७ च्या हिवाळ्यात लिफ्ट पुन्हा फिरू लागली.

हा निव्वळ जुन्याचा लळा होता असे मला वाटत नाही. त्यामागे एक साधा हिशेब आहे. एकेरी लिफ्ट तासाला पाचशेच्या आसपास माणसे वर नेते. आधुनिक चौघांची वेगवान लिफ्ट दोन हजारांहून अधिक. मॅड रिव्हर ग्लेनमध्ये कृत्रिम बर्फ फार थोड्या भागावर पाडला जातो, बाकी सारी भिस्त आभाळावर. जितक्या जास्त स्की उतारावर घासतील तितका पडलेला बर्फ लवकर खरवडला जाईल. लिफ्ट चौपट केली की बर्फही यंत्राने पाडणे भाग, त्यासाठी पाणी, वीज आणि कर्ज, आणि कर्ज फेडायला आणखी माणसे. लहान जागा बुडाल्या त्या बऱ्याचदा याच साखळीत. लिफ्टच्या सुरुवातीलाच लागणारी रांग हा इथला बर्फ वाचवण्याचा उपाय आहे. रांगेत उभे राहणारेच मालक असल्यामुळे तो त्यांना परवडतो.

पण सहकाराची दुसरी बाजूही इथे दिसते. मॅड रिव्हर ग्लेनमध्ये स्नोबोर्डला बंदी आहे. अमेरिकेत अशी बंदी घालणाऱ्या जागा तीनच. उरलेल्या दोन, आल्टा आणि डीअर व्हॅली, युटा राज्यात आहेत. इथली बंदी बेट्सी प्रॅट यांच्या काळातली. ती उठवायची तर सभासदांचे दोन तृतीयांश मत लागते. म्हणजे आधी आत आलेल्यांच्या हाती दाराची कडी. सभासद आणि बिगरसभासद हा भेद साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या कुणालाही नवा नाही. लोकशाही मालकांपुरती असली की ती बाहेरच्याला कुंपणासारखी वाटू शकते. एकेरी खुर्ची वाचवणारे बहुमत आणि स्नोबोर्ड रोखणारा नियम, दोन्ही एकाच घटनेची अपत्ये आहेत. पहिल्याचे कौतुक करणाऱ्याने दुसऱ्याकडे डोळेझाक करू नये.

पामेडो ज्या स्टोमधून बाहेर पडले, तो डोंगर २०१७ मध्ये ‘व्हेल रिसॉर्ट्स’ या बलाढ्य कंपनीने घेतला. मॅड रिव्हर ग्लेनच्या शेजारचे शुगरबुश ‘अल्टेरा’ या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेले. एकाच पासावर देशभर स्की करता येते, हे ग्राहकाला फायद्याचेच आहे. फक्त लिफ्ट कोणती बसवायची, हे आता त्या डोंगरावर येणारी माणसे ठरवत नाहीत.

मॅड रिव्हर ग्लेनपुढचा आजचा धोका मात्र कंपन्यांकडून येत नाही. व्हरमाँटचे हिवाळे उबदार होत आहेत, आणि नैसर्गिक बर्फावर विसंबलेल्या संस्थेला एक पावसाळी जानेवारी पुरेसा असतो. यापुढचा प्रश्न म्हणूनच अधिक अवघड आहे. डोंगर टिकवायचा तर बर्फाच्या यंत्रांवर किती खर्च करायचा, आणि किती खर्च केल्यावर तो आपला डोंगर उरणार नाही? याचे उत्तर तिथे वार्षिक सभेत हात वर करून दिले जाईल. ते चुकीचेही ठरू शकेल. पण चुकले तर किंमतही हात वर करणारेच मोजतील.